समुपदेशनातली घराणी आणि त्यांची सरमिसळ

समुपदेशनाच्या पद्धती शेकड्यांनी मोजता येतील, पण मूळ घराणी थोडकीच. फ्रॉइड यांचे मनोविश्लेषण आजच्या वागण्याची मुळे बालपणात शोधते. वर्तनोपचार मुळांच्या भानगडीत न पडता सवय बदलू पाहतो. कार्ल रॉजर्स यांचा भर समोरच्याला न जोखता ऐकून घेण्यावर. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि पुढे आरन बेक यांनी विचारांवर बोट ठेवले. त्यांपैकी एलिस महाराष्ट्राला जवळचे, ते त्यांची पद्धत इथे रुजवणाऱ्या कि. मो. फडके यांच्यामुळे.

या घराण्यांत बराच काळ रोटीबेटी व्यवहार नव्हता. सॉल रोझेनझ्वाइग यांनी मात्र १९३६ मध्येच म्हटले होते, की परस्परविरोधी पद्धतींनाही सारखेच यश येते, त्यामागे काहीतरी समान असणार. उपचारकाशी जुळलेले विश्वासाचे नाते हा त्या समान घटकांतला एक, आणि बहुधा सर्वांत वजनदार. पुढे अर्नोल्ड लाझारस यांनी तंत्र कुठूनही घ्यावे, त्यामागचा सिद्धान्त घेतलाच पाहिजे असे नाही, अशी व्यवहारी भूमिका घेतली. पॉल वॉख्टेल यांनी १९७७ च्या ग्रंथात त्याहून अवघड काम अंगावर घेतले: मनोविश्लेषण आणि वर्तनोपचार यांचे सिद्धान्तच एकमेकांत गुंफायचे.

ही गुंफण प्रत्यक्षात कशी होते? समजा, लोकलमध्ये एकदा छातीत धडधडून घाम फुटल्यापासून एका माणसाने गाडीच सोडली आहे. हृदयाच्या तपासण्या स्वच्छ आहेत. पहिल्या भेटीत समुपदेशक फक्त ऐकतो. ‘त्यात काय घाबरायचं’ हे घरच्यांनी ऐकवलेले असतेच. मग ‘मी इथेच कोसळणार’ हा विचार वहीत उतरतो आणि त्याचा पुरावा तपासला जातो. त्यानंतर दुपारच्या रिकाम्या धीम्या गाडीने दादर ते माटुंगा, एकच स्टेशन. मग दोन. भीती ओसरल्यावर तिची सुरुवात वडिलांच्या आकस्मिक मृत्यूनंतर झाली होती, हे सहज बोलण्यात येते, आणि तेव्हाच जुन्या दुःखाकडे वळता येते. तेच पहिल्या दिवशी उकरले असते, तर कदाचित तो पुन्हा आलाच नसता.

मार्शा लिनेहान यांनी तर मिश्रणालाच पद्धतीचे रूप दिले. स्वतःला इजा करून घेणाऱ्यांना केवळ ‘बदला’ म्हटले की ते दुखावतात, हे पाहून त्यांनी वर्तनोपचाराला झेन परंपरेतल्या स्वीकाराची जोड दिली. त्यांचा ग्रंथ १९९३ मध्ये आला.

प्रत्येक मिश्रण मात्र पचतेच असे नाही. दाराची कडी पुन्हापुन्हा तपासणाऱ्या मंत्रचळाच्या रुग्णाला ती न तपासता अस्वस्थता सोसायला शिकवावे लागते. त्याच वेळी समुपदेशक मायेपोटी ‘कडी लागलीच असेल हो’ असा दिलासा देत राहिला, तर तो दिलासाच नवी कडी होतो. रुग्ण घरी कडी तपासणे सोडतो आणि दिलाशासाठी फोन करू लागतो.