गाड्यावरचं वजन

स्क्रम मशीन म्हणतात त्याला, पण त्यात मोटर नाही की चाक नाही. लोखंडी घसरगाडा आणि पुढे जाड गाद्या, बस. रग्बीचे आठ गडी त्या गाद्यांना खांदे लावून गाडा रेटतात. तो सहज सरकू नये म्हणून वर कुणीतरी बसायचं. जुलैतल्या एका सकाळी भाच्याचा सराव बघायला मी मुंबईच्या मैदानावर गेलो होतो. ‘‘मामा, चढ ना वर,’’ तो म्हणाला. माझ्या ८४ किलोंचा असा मान आजवर कुणी राखला नव्हता.

प्रशिक्षक म्हणाले, ‘‘क्राउच.’’ गडी वाकले. ‘‘बाइंड.’’ एकमेकांच्या जर्सी मुठीत आल्या. ‘‘सेट.’’ गाद्यांच्या फटींतून तीन डोकी थेट माझ्या पायांशी आली आणि गाडा एका कोपऱ्यावर गर्रकन फिरला. मी पडता पडता वाचलो. रेटा भरपूर होता, पण प्रत्येकाने आपापल्या वेळेला दिलेला. त्यावर ओरडा खाल्ला तो सगळ्यांत दांडग्या पोराने.

पुढचा अर्धा तास त्यांनी रेटलंच नाही. नुसते पाय लावत राहिले. टाचा किती मागे, गुडघ्याला बाक किती, पाठ सपाट आहे का. खांदे कमरेच्या खाली गेले की रेटा जमिनीत जातो आणि स्क्रम कोसळतो. मधल्या रांगेतले दोघे लॉक पुढच्यांच्या मांड्यांच्या मधे डोकी घालतात. कान सोलवटू नयेत म्हणून डोक्याला पट्टी गुंडाळलेली. कडेचे फ्लँकर काय करतात हे मला आधी उमगेना. पुढच्या रांगेतले प्रॉप बाहेर फाकू नयेत म्हणून ते आतल्या बाजूला दाबून धरतात. हे काम प्रेक्षकाला कधी दिसत नाही.

मग समोरासमोर, सोळा जण. भाचा तीन नंबरचा, टाइटहेड. दोन्ही संघांची डोकी एकाआड एक गुंततात, त्यामुळे त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिस्पर्ध्यांची डोकी. एक नंबरच्या लूजहेडचा मात्र डावा कान मोकळा. नावांतली सैल-घट्ट भानगड एवढीच. दोघांचे रेटे अंगावर घेऊन जागचं न हलणं हे टाइटहेडचं काम. त्याची आई अजून विचारते, तू पळतोस कधी?

आणि हे सगळं कशासाठी, तर चेंडू कुणाच्या तरी हातून निसटून पुढे पडला म्हणून. ज्यांची चूक नाही त्यांचा नऊ नंबर चेंडू मधल्या बोळात टाकतो. तो मागे ओढायला पुढच्या रांगेतला मधला गडी, हूकर, पाय उचलतो. त्या क्षणी त्याच्या बाजूने सातच जण नीट रेटत असतात, समोरून आठ. चेंडू आपला, पण रेटा एकाने उणा. नऊ नंबरला आपल्या बाजूला थोडं सरकून उभं राहायची मुभा २०१७ पासून मिळाली, ती मला अगदी रास्त वाटते.

पूर्वी दोन्ही फळ्या अंतरावरून धडकायच्या. माना जायबंदी व्हायच्या. २०१३ पासून ‘सेट’च्या आधीच दोन्हीकडच्या प्रॉपना एकमेकांना धरावं लागतं. २०२२ पासून हूकरला एक पाय पुढे रोवून ठेवावा लागतो, म्हणजे सगळा भार मानांवर येत नाही. जुने खेळाडू धडकेच्या आठवणी काढून हळहळतात. त्या सकाळी त्या तीन माना वरून पाहिल्यावर मला ती हळहळ पटत नाही.

शेवटी पुन्हा मशीन. ‘सेट’ झालं आणि काहीच हललं नाही. कुणीतरी हुंकारलं. सोळा पाय एकदम इंचभर पुढे आले, पुन्हा इंचभर. गाडा सरळ सरकू लागला. मागे चिखलात दोन समांतर चर उमटत गेले. पोरं उठली. भाच्याचा कान लालभडक झाला होता. मी एक पाय खाली टाकला.

‘‘बस, मामा,’’ तो धापा टाकत म्हणाला. ‘‘अजून चार आहेत.’’