प्रतिपूरक वनीकरण निधी आणि ग्रामसभेचे स्थान

खाण, धरण वा रस्त्यासाठी वनजमीन वळविताना प्रकल्पधारकाकडून पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि त्या वनाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वसूल केले जाते. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या रकमेसाठी स्वतंत्र निधी स्थापण्याचा आदेश दिला. कायदा होण्यास मात्र २०१६ साल उजाडले. त्यानुसार ९० टक्के वाटा राज्यांचा व १० टक्के केंद्राचा ठरला. ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांकडे ४७,४३६ कोटी रुपये वर्ग झाले.

पैसा आला, तो कोठे खर्चावा, हे कोणी ठरवायचे? २०१८ च्या नियमांनुसार वनक्षेत्रातील कामे ‘ग्रामसभा किंवा ग्राम वन व्यवस्थापन समिती’ यांच्याशी विचारविनिमय करून ठरवावयाची आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते सारी मेख या ‘किंवा’मध्ये आहे. समितीचे सचिवपद बहुधा वनकर्मचाऱ्याकडेच असते. म्हणजे खात्याने खात्याशीच विचारविनिमय केला तरी नियम पाळला जातो! शिवाय विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. अशा वनात कोणती रोपे लावावीत, हे ग्रामसभेनेच ठरवावे व निधीही तिच्याच खात्यात जमा व्हावा, अशी दुरुस्ती नियमांत व्हावयास हवी.