गळा नाही म्हणू नका, पट्टी बदला



गटाच्या बैठकीत भजन सुरू झालं की दोन-तीन जणी नुसत्या टाळ्या वाजवत बसतात. "म्हणा की," म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "मला कुठं गळा हाय!" आज त्या उत्तराबद्दलच बोलू.

आपल्या परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जात्यावर बसलेल्या बाईला कुणी आधी गळा आहे का, असं विचारत नव्हतं. जी दळायची, ती गायची, आणि तिच्या आवाजाला झेपेल तिथून गायची. घरोघरचं जातं गेलं, गिरणी आली. आता गाणं म्हणजे पेटी, तबला आणि माईक. पेटीवर बहुधा पुरुष बसतो आणि सूर स्वतःच्या सोयीचा धरतो. त्या सुरात आपला आवाज खाली पोचत नाही आणि वर नेला तर फाटतो. मग आपल्याला वाटतं, दोष गळ्याचाच.

वृंदगानात, म्हणजे ज्याला शहरात क्वायर म्हणतात त्यात, याचा विचार आधी होतो. भजनात एक जण पुढं म्हणतो आणि बाकीचे तेच मागून उचलतात. क्वायरमध्ये सहसा चार गट असतात: बायकांचे उंच आवाज, बायकांचे खालचे आवाज आणि तसेच पुरुषांचे दोन. प्रत्येक गटाची चाल वेगळी असते, पण सगळ्या मिळून एकच गाणं होतं. नवीन माणूस आला की आधी त्याचा आवाज सहज कुठं लागतो ते ऐकतात आणि मग त्याची जागा ठरवतात.

मुंबईत १९५६ साली व्हिक्टर परांज्योती यांनी 'परांज्योती अकॅडमी कोरस' हे असं वृंद उभं केलं. १९६७ मध्ये ते गेले. त्यानंतर कूमी वाडिया या बाईंनी ते कित्येक दशकं चालवलं. समोर उभं राहून हाताच्या खुणेनं साऱ्यांना एकत्र गायला लावणारी व्यक्ती एक बाई होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण आवाज ओळखायला, शिकवायला जाणकार लागतो. तो कसा मिळायचा? पूर्वी संगीताची विद्या गुरूच्या घरात असायची आणि वर्षानुवर्षं सेवा केली तर मिळायची. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी हे बदललं. लहानपणी फटाक्यानं त्यांची दृष्टी अधू झाली होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथं वर्ग, पुस्तकं आणि ठरलेला अभ्यासक्रम होता. लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जलशांची कमाई यांवर ते चालायचं. पुढं शिक्षक व्हायचं कबूल करणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय संस्था करायची. १९०८ साली मुंबईतही शाळा निघाली. पुढं कर्ज वाढलं आणि तिथली इमारत हातची गेली. पण तयार झालेले शिक्षक गावोगाव पोचले होते. पलुसकर १९३१ मध्ये वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याच्या परीक्षा आजही लाखो मुलं देतात.

यातून आपल्या गटानं घ्यायच्या दोन गोष्टी.

पहिली गोष्ट पट्टीची. पेटीवर दोन काळ्या पट्ट्या, मग तीन, पुन्हा दोन, अशी रांग असते. दोनांतली पहिली ती 'काळी एक'. बरेच पुरुष तिच्या आसपास गातात. तीनांतली मधली ती 'काळी चार'. बऱ्याच बायकांचा सा तिच्या आसपास सुखानं लागतो. पेटीवाल्या काकांना सांगायचं, "आज काळी चार धरा." कुणाला जमलं नाही तर एक पट्टी खाली, एक वर, असं करून बघायचं. गळा ताणावा लागला नाही, की पट्टी बरोबर.

दुसरी गोष्ट पैशाची. नफा न करणं म्हणजे फुकट राबवणं नव्हे. शिकवणाऱ्याला महिन्याचं मानधन ठरवा, ते वहीत लिहा आणि वेळेवर द्या. शिकवणारी आपल्यातलीच सून किंवा लेक असली तरी द्या. मानधन मिळालं तर ती पुढच्या महिन्यातही येईल.

पुढच्या बैठकीत गप्प बसणाऱ्या त्या दोघी-तिघींना मध्ये बसवा, पट्टी बदला आणि मग ऐका.