क्लब विकला जातो तेव्हा मॅनेजरचं काय होतं?

परवा ऑफिसात एका मित्राने विचारलं, "क्लब विकला जाणार अशी कुजबुज सुरू झाली की लगेच मॅनेजरच्या नावाची चर्चा का?"

मी त्याला आपल्या पुण्याचंच उदाहरण दिलं.

नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीजने इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब सुमारे 2.3 कोटी पौंडांना घेतला. 1995 चा प्रीमियर लीग विजेता! महिनाभरातच मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा 13व्या क्रमांकावर होता, म्हणजे परिस्थिती हाताबाहेर गेलेली नव्हती. स्टीव्ह कीन आले आणि 2012 मध्ये संघ खालच्या लीगमध्ये गेला. पुढच्या मोसमात हेनिंग बर्ग 57 दिवस टिकले, मायकेल अ‍ॅपलटन 67.

न्यूकॅसलचं उलटं. ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी सरकारी गुंतवणूक निधीच्या गटाने हा क्लब घेतला, तेव्हा मोसमात एकही विजय नव्हता. मॅनेजरपदाला उनाई एमरींनी नकार दिल्यावर एडी हाउ आले. 2025 मध्ये लीग कप जिंकला.

माझ्या मते, नवा मालक किती पैसे आणतोय यापेक्षा मॅनेजर कोण निवडतंय हे महत्त्वाचं. आणि प्रीमियर लीगची मालक-संचालक चाचणी, म्हणजे नवा मालक पात्र आहे का याची तपासणी, पार होईपर्यंत कुठलाही सौदा पक्का धरू नका.

तुमच्या क्लबबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा.