आधी मागणी, मग कारण

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात माझं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. अर्ज, बँकेची पत्रं, पणजीला धाडायचे ईमेल, दिवसभर हेच चालतं. नव्या मुलांना मी आल्या आल्या सांगते : आधी मागणी, मग कारणं, शेवटी आकडे. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी हीच रचना ‘पिरॅमिड’ म्हणून मांडली.

आपले अर्ज ‘महोदय, सविनय सादर’पासून सुरू होतात आणि काय हवंय ते पान उलटल्यावर कळतं. 2012 साली डिचोली तालुक्यातल्या खाणी थांबल्यावर एका ट्रकमालकाने आणलेला मसुदा असाच होता : खाणी, टायर, विमा, मुलीची फी, सगळं एका दमात. मी एकेक मुद्दा चिठ्ठीवर लिहून टेबलावर मांडला. दोनच ढीग झाले : उत्पन्न थांबलं, खर्च थांबला नाही. वर एक ओळ चढवली, ‘कर्जाचा हप्ता सहा महिने निम्मा करावा.’ पत्र अर्ध्या पानात बसलं.

सराव फोनवरही होतो. नंबर लावण्याआधी ‘मला काय हवंय?’ याचं उत्तर एका वाक्यात जुळवा. जुळत नसेल, तर फोन खाली ठेवून आधी चिठ्ठ्या काढा.