फॉस्टर केअरमध्ये गेलेलं मूल आपल्या आई-वडिलांना भेटू शकतं का?

समजा, नऊ वर्षांची एक मुलगी आहे. वडील नाहीत आणि आई मोठ्या आजारपणामुळे हॉस्पिटलमध्ये. सांभाळायला जवळचं कुणीच नाही. अशी पोस्ट दिसली की खाली कमेंट येते, 'कुणीतरी दत्तक घ्या हिला.' पण तिला आई आहे, आणि बरी झाल्यावर आईला मुलगी परत हवी आहे. अशा वेळी उपयोगी पडतं ते फॉस्टर केअर, म्हणजेच प्रतिपालकत्व.

मुलांवर ही वेळ का येते?

पालकांचा मृत्यू, गंभीर आजार, तुरुंगवास, व्यसन, घरातली मारहाण किंवा दुर्लक्ष, अशी कारणं असतात. निर्णय घेते जिल्ह्याची बालकल्याण समिती. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय आहे. म्हणून मुलाला काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवलं जातं. शक्यतो भावंडांची ताटातूट करायची नाही, असंही कायदा सांगतो.

अडचण फक्त पैशांची असेल तर मूल घरीच राहावं, यासाठी मदत मिळू शकते. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून पात्र मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये दिले जातात.

मग आई-वडिलांशी नातं तुटतं?

नाही. दत्तक दिल्यावर जन्मदात्यांचा कायदेशीर हक्क संपतो, फॉस्टर केअरमध्ये तसं होत नाही. आई-वडील मुलाला ठरावीक काळाने भेटू शकतात. भेट मुलाच्या हिताची नाही असं वाटलं, तर समिती ती थांबवू शकते. मात्र त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. पालक सांभाळायला सक्षम झाले की मूल घरी परतू शकतं.

भेटी इतक्या महत्त्वाच्या का?

भेट झाली नाही, तर 'आईने मला टाकलं' असं मुलाच्या मनात बसू शकतं. आणि बऱ्याच काळाने घरी परतल्यावर स्वतःचंच घर परकं वाटू शकतं. नव्या कुटुंबाने आईबद्दल चांगलं बोलणं, तिचा फोटो जवळ ठेवू देणं, यानेही मुलाला आधार मिळतो.

तुम्ही काय करू शकता?

अडचणीतलं मूल दिसलं तर त्याचा फोटो व्हायरल करू नका. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा.