लॅपटॉप चालू होतो, पण स्क्रीन काळीच? ‘बोर्ड गेला’ मानण्याआधी हे तपासा

बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरल्याचा आवाज येतो, पण स्क्रीनवर काहीच नाही. तालुक्याच्या गावातून आणलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप असो, की घरातल्या पोराने व्हिडिओ बघून नवीन रॅम आणि एसएसडी टाकून जुळवलेला असो, ही तक्रार नेहमीची आहे. त्यात महाडीबीटीचा फॉर्म भरायचा असतो, नाहीतर ऑनलाइन परीक्षा तोंडावर आलेली असते. घाईघाईत लॅपटॉप दुकानात जातो आणि ‘मदरबोर्ड गेलाय’ किंवा ‘विंडोज मारावं लागेल’ असं ऐकायला मिळतं.

हे निदान कधी खरं असतं, कधी नसतं. विहिरीवरची मोटर चालू आहे पण पाणी येत नाही, म्हणून शेतकरी लगेच मोटर रिवाइंडिंगला टाकत नाही. आधी फूटव्हॉल्व्ह बघतो, पाइप बघतो, मोटरने हवा धरली आहे का ते बघतो. लॅपटॉपचंही तसंच आहे. मशीन चालू असणं आणि स्क्रीनवर चित्र दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष कुठे आहे ते क्रमाने शोधलं, तर बरीचशी तपासणी घरीच आणि फुकटात होते.

आधी बघा, मशीनमध्ये जीव आहे का?

लॅपटॉप चालू करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर मशीन बहुतेक आतून काम करतंय आणि दोष चित्र दाखवण्यात आहे. दिवा अजिबात हलत नसेल, तर मशीन सुरुवातीलाच कुठेतरी अडकलंय. मात्र काही कीबोर्डवर हा दिवा नसतोच, तिथे ही खूण चालणार नाही.

आता खोलीत अंधार करा आणि मोबाइलची बॅटरी तिरकी धरून स्क्रीनवर उजेड पाडा. अंधुक चित्र किंवा अक्षरं दिसली, तर चित्र येतंय, फक्त स्क्रीनच्या मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट लागत नाही. ब्राइटनेस वाढवायचं बटणही दाबून पाहा. तो चुकून शून्यावर गेलेला असू शकतो.

आणखी एक साधी गोष्ट. झाकण मिटलं की स्क्रीन बंद व्हावी म्हणून बऱ्याच लॅपटॉपमध्ये चुंबकाने चालणारा सेन्सर असतो. चुंबकाची झडप असलेलं मोबाइल कव्हर कीबोर्डजवळ ठेवलं, तरी लॅपटॉपला झाकण मिटलं असंच वाटतं. असं काही जवळ असेल तर बाजूला करा.

कंपनीचा लोगो दिसतो का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो दिसतो, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी. लोगो दिसून नंतर स्क्रीन काळी होत असेल, तर दोष विंडोजमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी खिडकीचं चिन्ह असलेलं विंडोज बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून पाहा. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कधी कधी चित्र परत येतं.

पण लोगोच दिसत नसेल, तर विंडोज पुन्हा टाकून काही होणार नाही. एसएसडी पूर्ण काढून टाकली तरी लोगो दिसायला हवा, आणि मग ‘डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाचा मजकूर यायला हवा. म्हणजे पहिल्या सेकंदापासून स्क्रीन काळी असेल, तर फॉरमॅट मारायला होकार देऊ नका. त्याने दोष जाणार नाही, उलट फोटो आणि कागदपत्रं जातील.

साठलेली वीज काढून टाका

चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. पेनड्राइव्ह, माउस, मेमरी कार्ड सगळं काढा. मग पॉवरचं बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. नंतर फक्त चार्जर लावून चालू करा. आत अडकून राहिलेली वीज निघून जाते आणि अडलेलं मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

चार्जरही नीट वाचून बघा. लॅपटॉपचे बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे गावात व्होल्टेज थोडं कमी असलं तरी अडत नाही. पण टाइप-सी लॅपटॉपला मोबाइलचा १८ वॉटचा चार्जर लावला आणि लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॉट लागत असतील, तर दिवा लागेल, मशीन मात्र धड उठणार नाही.

टीव्हीला जोडून पाहा

एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवर तोच एचडीएमआय सोर्स निवडा आणि लॅपटॉप चालू करा. टीव्हीवर चित्र आलं, तर प्रोसेसर, रॅम आणि बोर्ड काम करतायत. दोष लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये, बिजागरीतून जाणाऱ्या केबलमध्ये किंवा ती केबल जिथे लागते तिथे आहे. झाकण पुढे-मागे केल्यावर चित्र येत-जात असेल, तर केबलवर संशय पक्का.

टीव्हीवरही काही आलं नाही, म्हणून लगेच बोर्ड गेला असं होत नाही. रॅम नीट बसली नसेल, तरी दोन्हीकडे काळोखच दिसतो.

दिवा काय सांगतोय?

स्क्रीन चालत नाही तेव्हा बरेच लॅपटॉप दिव्याने किंवा बीपच्या आवाजाने दोष सांगतात. डेलमध्ये बॅटरीचा दिवा केशरी आणि पांढरा असा ठरावीक वेळा लुकलुकतो. २ वेळा केशरी आणि ३ वेळा पांढरा, याचा अर्थ बऱ्याच मॉडेलमध्ये ‘रॅम सापडली नाही’ असा होतो. एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो. बऱ्याच डेल लॅपटॉपमध्ये डी हे बटण दाबून ठेवून पॉवर दाबलं, की स्क्रीनवर एकामागून एक रंग येतात. रंग आले तर स्क्रीन शाबूत आहे.

मोजताना गोंधळ होत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि हळू चालवून मोजा. मॉडेलचा नंबर लॅपटॉपच्या खाली असतो. तो टाकून कंपनीच्या वेबसाइटवर खुणेचा अर्थ शोधता येतो. हाच व्हिडिओ दुरुस्तीवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, तर त्यालाही अंदाज येतो.

नुकतीच रॅम टाकली असेल, तर पहिला संशय तिच्यावर

नवीन जुळवलेल्या किंवा नुकत्याच उघडलेल्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात आधी रॅम तपासावी. ती अर्धवट बसणं ही सर्वांत साधी चूक आहे. शिवाय प्रत्येक रॅम प्रत्येक लॅपटॉपला चालत नाही. लॅपटॉपच्या डीडीआर ३ रॅमला २०४ पिना असतात, डीडीआर ४ ला २६० आणि डीडीआर ५ ला २६२. तिघींची खाचही वेगळ्या जागी असते. त्यामुळे रॅम बसत नसेल तर जोर लावू नका, ती चुकीची आहे.

डीडीआर ३ आणि डीडीआर ३ एल यांच्यात मात्र फसगत होते. दोन्ही एकाच खाचेत बसतात, पण पहिली १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ व्होल्टवर चालणारी. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना ‘एल’ असलेलीच लागते. साधी टाकली की दिवा लागतो, पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते.

डीडीआर ५ रॅम नवीन टाकली असेल तर थोडा धीर धरा. पहिल्यांदा चालू होताना लॅपटॉप त्या रॅमशी जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढ्या वेळात स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालूही होऊ शकतं. चार्जर लावून १० ते १५ मिनिटं वाट पाहा. मध्येच बटण दाबून बंद केलं, तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

उघडायचं असेल तर असं उघडा

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारा. वॉरंटी नसेल आणि स्क्रू उघडायची सवय असेल, तरच पुढे जा. बॅटरी फुगलेली दिसली किंवा जळका वास आला, तर तिथेच थांबा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि चार्जिंगलाही लावू नका.

चार्जर काढून ठेवा. नळाला किंवा दुसऱ्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. आतल्या बॅटरीची पिन काढल्याशिवाय कशालाही हात लावू नका. मग रॅम काढून सोनेरी पट्ट्या कोरड्या, मऊ कापडाने हलकेच पुसा. पुन्हा बसवताना रॅम तिरकी धरून पूर्ण आत सरकवा, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी व्हायला हवी. नंतर खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या पकडी ‘टक’ करून बसल्या पाहिजेत.

दोन रॅम असतील तर एकच ठेवून चालू करा. चालली नाही तर तीच दुसऱ्या खाचेत लावा, मग दुसरी रॅम लावून पाहा. एसएसडी आणि वायफाय कार्डही तात्पुरतं काढता येतं. कमीत कमी भागांवर मशीन उठलं, तर एकेक भाग परत लावत जा. ज्याने अडेल तो दोषी. प्रत्येक वेळी भाग लावण्याआधी चार्जर आणि बॅटरीची पिन काढायला विसरू नका. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डागलेली असते, तिथे हा उपाय चालत नाही.

दुकानात गेलात तर हे विचारा

चालणारी दुसरी रॅम लावून झाली, टीव्हीही जोडून झाला, तरी काहीच येत नसेल, तर बोर्डावर संशय घ्यायला जागा आहे. चहा-पाणी सांडलं असेल तर तो आणखी बळावतो. त्या वेळी कारागिराकडे जाणंच शहाणपणाचं. मात्र ‘बोर्ड गेलाय हे कशावरून कळलं?’ असं जरूर विचारा. शक्य असेल तर दुसरी रॅम आणि बाहेरची स्क्रीन समोर लावून दाखवायला सांगा. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

लॅपटॉप ठेवून जाताना पावती घ्या. त्यावर सीरियल नंबर, रॅम आणि एसएसडी किती जीबीची ते लिहून घ्या. आपला डेटा एसएसडीवर असतो. स्क्रीन काळी झाली म्हणजे डेटा गेला, असं नाही. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, हेही पावतीवर लिहून घ्या.

रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतानाही पक्कं बिल मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे मार्ग निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्कही लागत नाही. पण हातात बिल आणि पावती नसेल, तर आपली बाजू मांडणं अवघड जातं.